बिल्ड आत, बोर्ड बाहेर

प्रश्न : नमस्कार ताई. नाशिकजवळच्या एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणातल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामचं काम करतो. शेतातली मोटार फोनवरून चालू-बंद करायचे मोबाइल स्टार्टर आम्ही बनवतो. जुन्या मॉडेलमध्ये मायक्रोचिप कंपनीची पिक-१८ ही कंट्रोलर चिप आहे. त्याचा कोड मायक्रोचिपच्या सी-१८ कंपायलरवर (कोड चिपला कळेल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रामवर) बिल्ड होतो आणि तो कंपायलर ऑफिसात एकाच विंडोज ७ च्या डेस्कटॉपवर आहे. नव्या मॉडेलमध्ये एसटीएम-३२ ही दुसरी कंट्रोलर चिप आहे. ते काम आम्ही तिघं आपापल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर करतो. तिघांच्या कंपायलरच्या आवृत्त्या वेगळ्या, त्यामुळे एकच कोड तिघांनी बिल्ड केला तर तीन वेगळ्या बायनरी, म्हणजे चिपमध्ये भरायच्या तयार फाइली निघतात. नवीन ट्रेनी आला, त्याचा पहिला आठवडा सगळं इन्स्टॉल करण्यातच गेला. मला वाटतं, सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम), म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात न्यावं. आमचे सर म्हणतात, व्हीएम स्लो चालते, त्यात यूएसबीचा भरवसा नाही, बोर्डवरचा कोड थांबवून तपासायचा डीबगर मध्येच सुटतो. आहे ते चाललंय ना! लॅपटॉप आय-५, १६ जीबी रॅमचे आहेत. काय करू? आणि सरांना कसं पटवू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आधी काळजी वाटली ती त्या विंडोज ७ च्या डेस्कटॉपची. एसटीएम-३२ चं नंतर बघू. ठिकठिकाणच्या विहिरींवर तुमचे जुने स्टार्टर बसलेले आहेत. उद्या त्यात एखादा दोष निघाला, तर तो दुरुस्त करायची तुमची सगळी ताकद त्या एका हार्ड डिस्कवर अवलंबून आहे. ती बसली, तर सोर्स कोड हातात असूनही तुम्ही शेतकऱ्याला काही देऊ शकणार नाही. सी-१८ ची जागा एक्ससी-८ ने केव्हाच घेतली हे खरं. पण जुना प्रोजेक्ट एक्ससी-८ वर न्यायचा तर इंटरप्टची मांडणी, मेमरीतल्या जागा, हेडर फाइली असं सगळं पुन्हा तपासत बसावं लागतं. विकून झालेल्या, नीट चालणाऱ्या मालासाठी हा व्याप करू नये. तिथे जुना कंपायलर जसाच्या तसा जपणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि व्हीएमचा सगळ्यात खणखणीत उपयोग हाच आहे.

तेव्हा या आठवड्यातलं पहिलं काम सांगते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं छोटं साधन आहे. ते चालू मशीनच्या डिस्कची एक व्हीएचडी (व्हर्च्युअल हार्ड डिस्क) फाइल करून देतं आणि ती फाइल व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडता येते. ती करून दोन वेगळ्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक ऑफिसच्या बाहेर. ही झाली फक्त विम्याची सोय. रोजच्या कामासाठी हीच फाइल वापरू नका. त्यात जुन्या मदरबोर्डचे ड्रायव्हर असतील, वर्षानुवर्षांचा कचरा असेल, आणि मशीनसोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना व्हीएमला चालत नाही. कामासाठी स्वतंत्र परवाना घेऊन विंडोज ७ ची कोरी व्हीएम उभी करा आणि त्यात लागतं तेवढंच टाका. एमप्लॅब एक्स हा मायक्रोचिपचा कोड लिहायचा प्रोग्राम वापरत असाल तर ५.३५ आवृत्तीच्या पुढे जाऊ नका. ५.४० पासून ते पूर्ण ६४ बिटी झालं आणि मायक्रोचिपचा जुना एमपीएएसएम असेंबलर त्यातून सुटला. जुने इन्स्टॉलर मायक्रोचिपच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात मिळतात. ते आजच उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. दहा वर्षांनी ते तिथे असतीलच असं धरून चालू नका.

या व्हीएमचं नेटवर्क अडॅप्टर बंद ठेवा. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे ती इंटरनेटला जोडायचं काही कारणच नाही. बिल्डमधून निघालेली हेक्स फाइल शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढायची आणि ती फ्लॅश करायचं, म्हणजे चिपमध्ये भरायचं काम होस्टवर, म्हणजे तुमच्या विंडोज ११ वर, एमप्लॅबच्या आयपीई प्रोग्रामने करायचं. तुमच्याकडचं प्रोग्रामर उपकरण आयपीईच्या कोणत्या आवृत्तीवर चालतं तेवढं आधी बघून घ्या.

मग खरी परीक्षा. जे फर्मवेअर शेवटचं बाजारात गेलं, त्याचा सोर्स नव्या व्हीएममध्ये बिल्ड करा आणि निघालेली हेक्स फाइल तेव्हाच्या हेक्सशी ओळीला ओळ लावून तपासा. जुळली तर जिंकलात. जुळली नाही, तर घाबरायच्या आधी एक गोष्ट बघा. सी-१८ ची फुकट मिळणारी आवृत्ती पहिले ६० दिवस पूर्ण ताकदीने चालायची, त्यानंतर त्यातली काही ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करायच्या युक्त्या) बंद व्हायची. तुमचा मूळ बिल्ड त्या ६० दिवसांतला असेल तर आजचा बिल्ड आकाराने मोठा निघेल, आणि फ्लॅश काठोकाठ भरलेली असेल तर कदाचित मावणारही नाही. इथे एक मोह होतो : स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची साठवलेली जुनी स्थिती, मागे नेऊन ते ६० दिवस पुन्हा पुन्हा सुरू करायचा. तो परवान्याचा भंग आहे. विकल्या जाणाऱ्या मालाच्या मुळाशी असलं काही असू नये, म्हणून ते करू नका. कंपनीने तेव्हा पूर्ण आवृत्ती विकत घेतली होती का, हे खरेदीच्या फाइलींत आणि जुन्या ईमेलमध्ये शोधा. बहुतेक वेळा परवाना असतो, पण तो घेणारा माणूस सोडून गेलेला असतो.

आता एसटीएम-३२. तीन लॅपटॉपवर तीन बायनरी निघण्याची कारणंही साधारण तीनच असतात. कंपायलरची आवृत्ती वेगळी, हे पहिलं आणि मोठं. कोडमध्ये कुठेतरी बिल्डची तारीख-वेळ छापणारा मॅक्रो आहे, हे दुसरं. तिसरं सहसा लक्षात येत नाही : असर्टमध्ये (चूक पकडायला कोडमध्ये घातलेल्या तपासणीत) फाइलचा पूर्ण पाथ जातो, आणि तुमचा प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर, मित्राचा डी ड्राइव्हवर, म्हणजे तेवढ्या अक्षरांचा फरक थेट फ्लॅशमध्ये उतरतो. सगळ्यांची व्हीएम एकसारखी असली, तर पहिलं आणि तिसरं कारण आपोआप जातं. दुसऱ्यासाठी तारखेऐवजी गिटचा (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) कमिट क्रमांक छापा. शेतातून तक्रार आली की तारखेपेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो.

ही दुसरी व्हीएम उबुंटू लिनक्सची करा, पण डेस्कटॉप नसलेली. सर व्हीएमला स्लो म्हणतात ते बऱ्याचदा तिच्यातल्या डेस्कटॉपमुळे. खिडक्या, आयकॉन, ॲनिमेशन हे सगळं व्हर्च्युअल ग्राफिक कार्डावर ओढत न्यावं लागतं आणि रॅम तिथेच संपते. उबुंटू सर्व्हर २४.०४ टाका, दोन कोअर, ४ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क द्या. मायक्रोकंट्रोलरच्या बिल्डला यापेक्षा जास्त लागत नाही. नेटवर्क नॅट ठेवून होस्टचा २२२२ हा पोर्ट आतल्या २२ ला जोडा, आणि विंडोजवरच्या व्हीएस कोड या एडिटरमधून रिमोट एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर नेटवर्कवरून काम करायच्या सोयीने) आत शिरा. एडिटर तुमच्या नेहमीच्या विंडोजवर, त्याच फाँटमध्ये, त्याच शॉर्टकटवर चालतो. कंपायलर, बिल्ड चालवणारं मेक, गिट मात्र आत. व्हीएमची खिडकी उघडायचीसुद्धा गरज नाही, तिला हेडलेस, म्हणजे खिडकीशिवाय सुरू करायचं. एक सावधगिरी : उबुंटू १८.०४ किंवा त्याहून जुनं घेऊ नका. व्हीएस कोडच्या २०२५ मधल्या आवृत्त्यांपासून आत जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ तरी लागतं आणि १८.०४ मध्ये २.२७ आहे.

मशीन एकदा मनासारखं झालं की त्याची ओव्हीए फाइल (अख्खी व्हीएम एका फाइलीत) काढून पेन ड्राइव्हवरून सगळ्यांना वाटायची, हे तुमच्या मनात असणारच. तसं करू नका, निदान तेवढ्यावर थांबू नका. सहा महिन्यांनी त्या फाइलमध्ये नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. एकजण आत अपग्रेड मारतो, दुसरा एखादी लायब्ररी टाकतो, आणि तुम्ही पुन्हा तीन वेगळ्या मशीनवर येता. फरक एवढाच की आता ती लॅपटॉपच्या आत लपलेली असतात. जपायची ती व्हीएम उभी करणारी स्क्रिप्ट. साधी शेल स्क्रिप्ट पुरते : कोऱ्या उबुंटूवर चालवली की लागणारी पॅकेजं टाकते, युजर बनवते, ठरलेल्या पाथवर कोड आणते. ही स्क्रिप्ट फर्मवेअरच्याच गिट रेपोमध्ये ठेवा, म्हणजे कुठल्या रिलीजला कुठली साधनं होती याची नोंद आपोआप राहते. व्हेग्रंट हे व्हीएम आपोआप उभी करणारं साधन शिकायची तयारी असेल तर कोरं उबुंटू आणण्यापासूनची कामंही एका फाइलीत बसतात. तिघांसाठी शेल स्क्रिप्टनेही भागतं.

स्क्रिप्टमध्ये एका जागी मात्र कडक राहा. कंपायलर उबुंटूच्या भांडारातून घेऊ नका, कारण उबुंटू बदललं की आवृत्ती बदलते. आर्म कंपनीने प्रसिद्ध केलेला टूलचेनचा (कंपायलर आणि सोबतच्या साधनांचा) टारबॉल, म्हणजे गठ्ठा फाइल उतरवा, ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवा, आणि स्क्रिप्टला त्याचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा तपासून मगच उलगडायला सांगा. तपासणी चुकली तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. कोड व्हीएमच्या आतच क्लोन करा. शेअर्ड फोल्डरवर ठेवून बिल्ड करण्याचा सोपा वाटणारा मार्ग टाळा : तो हळू चालतो, सिम्बॉलिक लिंक तिथे अडतात, आणि विंडोजच्या गिटने ओळींची शेवटची चिन्हं बदलून ठेवली असतील तर शेल स्क्रिप्ट न समजणाऱ्या एरर देऊन पडतात. पुढे तुम्ही लिनक्सवाला गेटवे करायला घेतलात तर हे आणखी जाचेल. लिनक्स कर्नलमध्ये नुसत्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी वेगळ्या असलेल्या फाइली आहेत, आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये त्या एकमेकींवर बसतात. तसं काही ठरलं तर योक्टोसारखा, अख्खं लिनक्स तयार करणारा बिल्ड या लॅपटॉपच्या व्हीएममध्ये करायचा विचारही सोडा. त्याच्या माहितीपत्रकातच मोकळ्या डिस्कची किमान गरज ९० जीबीपासून, अलीकडच्या आवृत्त्यांत १४० जीबीपर्यंत सांगितली आहे. त्याला वेगळं लिनक्सचं डेस्कटॉप घ्या.

आता यूएसबी. सरांचं म्हणणं इथे निराधार नाही. त्यांनी डीबगर मध्येच सुटताना पाहिलाय, म्हणूनच ते बोलतात. तो का सुटतो ते नीट समजून घ्या.

एसटी-लिंक, म्हणजे एसटीएम-३२ चा डीबगर, लावला की तो आधी विंडोजला दिसतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याच्या नावाचा यूएसबी फिल्टर असेल तर तो विंडोजकडून काढून आत दिला जातो. फिल्टर उपकरण ओळखतो ते दोन आकड्यांवरून, कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक. बाजारात मिळणारा काडीसारखा एसटी-लिंक व्ही-२ हा ०४८३:३७४८. न्यूक्लिओ या एसटीएम-३२ च्या तयार बोर्डवर बसवलेला साधारण ०४८३:३७४बी. तुम्ही एकासाठी फिल्टर लावला आणि दुसरा जोडला, तर तो आत येणारच नाही. आता बूट-० पिन वर करून बोर्ड रीसेट करा. कंट्रोलरच्या यूएसबीवरून तोच बोर्ड आता डीएफयू बूटलोडर (यूएसबीवरून फर्मवेअर भरून घेणारा प्रोग्राम) म्हणून उगवतो, ०४८३:डीएफ११ या नव्या ओळखीने. व्हीएमच्या दृष्टीने जुनं उपकरण निघून गेलं आणि हे कुणीतरी अनोळखी आलं. ते विंडोजकडेच राहतं. आत फ्लॅशिंगचा प्रोग्राम वाट बघत बसतो आणि शेवटी उपकरण सापडत नाही म्हणतो. इथे दोष व्हीएमचा नसतो, दुसऱ्या ओळखीचा फिल्टर लावलेला नसतो एवढंच. प्रत्येक उपकरणाच्या प्रत्येक रूपाला एकेक फिल्टर लावा. फिल्टरमध्ये सिरियल क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवा, नाहीतर तो फक्त एकाच बोर्डला चालेल. आत गेल्यावर युजर डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या गटात) आहे ना, एसटी-लिंक वापरायची परवानगी देणारा यूडेव्हचा नियम टाकलाय ना, ही दोन्ही कामं स्क्रिप्टनेच करावीत. आणि या सगळ्याच्या आधी केबल बदलून बघा. फक्त चार्जिंगच्या तारा असलेल्या केबल प्रत्येक ऑफिसात सापडतात.

यूएसबी-२ आणि ३ साठी पूर्वी व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक लागायचा आणि तो कंपनीत वापरायला विकतचा परवाना लागतो. ७.० आवृत्तीपासून हे कंट्रोलर मूळ मोफत प्रोग्राममध्येच आले आहेत, तेव्हा तो पॅक टाकूच नका. व्हर्च्युअलबॉक्सऐवजी व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हवं असेल तर तेही नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालासुद्धा मोफत आहे.

हे सगळं सांगितलं तरी माझी स्वतःची पसंती वेगळी आहे : डीबगर आत नेऊच नका. ओपनओसीडी, म्हणजे एसटी-लिंकशी बोलणारा प्रोग्राम, विंडोजवर चालवा. एसटी-लिंक त्याच्याकडे, थेट, मध्ये कुणी नाही. जीडीबी, म्हणजे ब्रेकपॉइंट लावून कोड तपासायचा प्रोग्राम, व्हीएममध्ये, आणि दोघांचं बोलणं नेटवर्कवरून. त्यासाठी व्हीएमला दुसरं अडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि व्हीएम यांच्यातल्या) प्रकारचं द्या. त्यात विंडोजचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो. ओपनओसीडी एरवी फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो, म्हणून त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये बाइंड-टू म्हणून हाच पत्ता द्या. सगळ्या नेटवर्कला उघडून ठेवू नका. विंडोज फायरवॉलमध्ये ३३३३ या पोर्टला या नेटवर्कपुरती परवानगी द्या, आणि आतून जीडीबीला १९२.१६८.५६.१ च्या ३३३३ पोर्टला जोडा. ब्रेकपॉइंट, स्टेपिंग, फ्लॅशिंग सगळं चालतं. बोर्ड कितीही वेळा रीसेट झाला, नवी ओळख घेऊन आला, तरी व्हीएमला त्याचं काही सोयरसुतक नसतं. मोडेमचे एटी कमांड बघायचं सिरियल टर्मिनलही विंडोजवरच ठेवा. लॉजिक ॲनालायझर तर कधीच आत नेऊ नका. तो सेकंदाला लाखो नमुने सलग ओततो. यूएसबीच्या वाटेत एक थर वाढला की मधले नमुने गळतात, आणि मग तुम्ही स्वतःच्या कोडमध्ये नसलेला दोष शोधत बसता.

वेगाबद्दल सरांना उत्तर देण्याआधी व्हीएम एकदा खिडकीसह उघडून तिची खालची पट्टी बघा. तिथे हिरवं कासव दिसत असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स थेट प्रोसेसरवर न चालता हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या व्हीएम यंत्रणेमधून चालतोय. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), हायपर-व्ही किंवा कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, यातलं काहीतरी चालू असलं की असं होतं. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, ती बंद करायची घाई नको. आधी कासवासकट बिल्डला किती वेळ लागतो ते मोजा. एसटीएम-३२ चा प्रोजेक्ट असेल तर बहुधा सहन होईल. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे याची खात्री मात्र आधी करा, आणि व्हीएमची डिस्क फाइल एसएसडीवर ठेवून अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

बाकीचं थोडक्यात. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. रोजचा कोड संध्याकाळी गिट सर्व्हरवर गेलाच पाहिजे. स्नॅपशॉट मागे नेल्यावर मेक 'क्लॉक स्क्यू' (घड्याळं जुळत नाहीत) म्हणू लागला तर आतलं घड्याळ दुरुस्त करा आणि क्लीन बिल्ड घ्या, अर्धवट बिल्डवर विसंबू नका. रिलीजच्या वेळी साठवणीसाठी ओव्हीए काढाल, तेव्हा आतल्या एसएसएच की, पासवर्ड आणि तुमच्या सर्व्हरचे टोकन आधी काढून टाका. ती फाइल पुढे कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. डॉकर (साधनं एका बंद डब्यात चालवायची पद्धत) आणि डब्ल्यूएसएल-२ बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सर विचारतील. दोन्ही चांगले आहेत, फक्त विंडोज ७ वरचं तुमचं जुनं मॉडेल त्यात बसत नाही, आणि दोन उत्पादनांसाठी दोन पद्धती तिघांच्या टीमने सांभाळाव्यात असं मला वाटत नाही.

सरांना पटवायला बोलण्यापेक्षा दाखवा. त्यांची भीती सुरू असलेलं काम बिघडण्याची आहे आणि ती रास्त आहे, म्हणून त्यांचा लॅपटॉप आणि तो जुना डेस्कटॉप दोन्ही जसेच्या तसे राहू द्या. तुमच्या ट्रेनीला एक कोरा लॅपटॉप आणि स्क्रिप्टचा पत्ता द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. तो कुठे अडला ते वहीत लिहून घ्या. त्या जागा स्क्रिप्टमध्ये दुरुस्त करा. दुसऱ्यांदा त्याच्याकडून कोऱ्यापासून करून घ्या आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघा. मग तुम्ही आणि तो, दोघांनी एकाच कमिटवरून आपापल्या व्हीएममध्ये बिल्ड करा आणि दोन्ही बायनरींचे एसएचए-२५६ एका कागदावर खाली-वर छापा. त्याच्याखाली जुन्या स्टार्टरच्या दोन हेक्सचे, बाजारात गेलेल्या आणि व्हीएममध्ये आज निघालेल्या. हा कागद घेऊन सरांकडे जा, आणि त्यांना एवढंच विचारा की तो डेस्कटॉप आज बंद करून ठेवला तर चालेल का.